पडदा आणि कागद

चित्रकथेविषयी गंभीरपणे लिहायचे म्हटले की लिहिणाऱ्याच्या चेहऱ्यावर थोडे ओशाळे हसू येते. आणि ती चित्रकथा टेलिव्हिजनवरच्या एखाद्या लोकप्रिय मालिकेच्या आधाराने रचलेली असेल, तर ते हसूही मावळते. मालिका ही मुळात करमणूक. तिच्यातही विज्ञानकथा म्हणजे पोरांची करमणूक. आणि तिच्यावरून साप्ताहिकात काढलेली चित्रे म्हणजे त्या करमणुकीतला उष्टा घास. समीक्षेच्या पंगतीत तिचे पान कोण मांडणार? मीही बरीच वर्षे ह्याच मताचा होतो. इंग्लंडातल्या ह्या चित्रकथांची जुनी पाने आता पुस्तकरूपाने पुन्हा छापली गेली आहेत. ती ओळीने वाचल्यावर मात्र मला माझे मत तपासून पाहावे लागले. त्या तपासणीचा हा वृत्तांत.

प्रश्न तसा जुनाच आहे. दुसऱ्या कलाकृतीच्या आश्रयाने जन्मलेली कृती स्वतःच्या पायांवर केव्हा उभी राहते? ती मुळाशी किती इमानी आहे, हा निकष आपण नकळत लावतो. ह्या चित्रकथांच्या बाबतीत हा निकष अगदीच निकामी ठरतो, असे मला दिसून आले.

आरंभीच्या चित्रकथा फारशा चांगल्या नव्हत्या, हे प्रथमच सांगून टाकलेले बरे. 'टीव्ही कॉमिक' हे साप्ताहिक १९५१ च्या नोव्हेंबरात निघाले. त्याचा वाचक अगदी लहान, आणि त्यातली पात्रेही त्याच्याच बेताची. १९६३ च्या नोव्हेंबरात बीबीसीने 'डॉक्टर हू' ही मालिका सुरू केली आणि जवळजवळ एका वर्षाने, १४ नोव्हेंबर १९६४ च्या अंकापासून, तिची चित्रकथा ह्या साप्ताहिकात येऊ लागली. चित्रकार होते नेव्हिल मेन. मालिकेतल्या सहप्रवाशांऐवजी येथे जॉन आणि गिलियन नावाची दोन नातवंडे आली. पडद्यावरचा तो गूढ, काहीसा तिरसट म्हातारा कागदावर गोष्टी सांगणारा प्रेमळ आजोबा झाला. मालिकेचे सर्वांत लोकप्रिय खलपात्र म्हणजे डॅलेक, ही लोखंडी कवचात बसलेली द्वेषमूर्ती. तिचे हक्क दुसऱ्या साप्ताहिकाकडे गेल्यामुळे येथे 'ट्रॉड' नावाची तिची तोतया भावंडे उभी करण्यात आली. ही चित्रकथा मुळाशी इमानी नव्हती हे खरे. पण तिचा खरा दोष तो नव्हे. कागदावर आल्यामुळे आपल्याला कोणते नवे सामर्थ्य लाभले आहे, ह्याची तिला जाणीवच नव्हती.

ती जाणीव प्रथम दिसते ती डॅलेकांचे हक्क मिळवणाऱ्या त्या दुसऱ्या साप्ताहिकात. 'टीव्ही सेंच्युरी २१' चा पहिला अंक २३ जानेवारी १९६५ रोजी निघाला; पण त्याच्या पहिल्या पानावर तारीख होती २३ जानेवारी २०६५ ची! मुखपृष्ठ वर्तमानपत्रासारखे होते, आणि त्यावर शंभर वर्षांनंतरच्या जगातल्या बातम्या. संपादक ॲलन फेनेल हे गेरी अँडरसन यांच्या बाहुल्यांच्या मालिकांसाठी पटकथा लिहीत असत. 'फायरबॉल एक्सएल फाइव्ह', 'स्टिंगरे' आणि पुढे 'थंडरबर्ड्‌स' ह्या पडद्यावर वेगवेगळ्या असलेल्या मालिकांची येथे एकाच जगात सांगड घातली गेली. एका कथेतले राष्ट्र दुसऱ्या कथेत शत्रू म्हणून येई आणि त्याची बातमी पहिल्या पानावर छापली जाई. सुट्या मालिकांचे एक सलग जग कागदानेच असे नेटके बांधून दिले.

येथे एक साधी गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. 'स्टिंगरे' आणि 'थंडरबर्ड्‌स' ह्या मालिका रंगीत फिल्मवर घेतलेल्या होत्या. पण ब्रिटनमधल्या मुलांना त्या काळ्या-पांढऱ्या दिसत. बीबीसीच्या दुसऱ्या वाहिनीवर रंग आला १९६७ साली, आणि ज्या आयटीव्हीवर ह्या मालिका लागत तिच्यावर तो यायला १९६९ चा नोव्हेंबर उजाडला. तोवर त्या यानांचे खरे रंग मुलांनी पाहिले ते ह्या साप्ताहिकाच्या फोटोग्रॅव्ह्यूरने छापलेल्या पानांवर. पडदा करडा होता आणि कागद रंगीत. कोणी कोणाची नक्कल करीत होते, हा प्रश्न त्या मुलाला विचारला असता तर त्याचे उत्तर आपल्याला वाटते तितके सरळ आले नसते.

पण रंग हे वरवरचे कारण झाले. खरे कारण बाहुल्यांचे आहे. अँडरसन यांच्या बाहुल्यांना नीट चालता येत नसे. तारांवर लोंबणाऱ्या बाहुलीचे पाऊल जमिनीवर विश्वासार्ह रीतीने पडत नाही, म्हणून दिग्दर्शक तिला खुर्चीत, वाहनात किंवा कमरेपर्यंतच दाखवीत. हाताने बारीक काम करायचे असेल तर मध्येच खऱ्या माणसाच्या हाताचे चित्रण जोडीत. ह्या मालिकांत यंत्रांचे जे वैभव आहे त्यामागे पात्रांचे हे पंगुत्व आहे. कागदावर तारा नव्हत्या. माइक नोबल यांच्या 'फायरबॉल'मधली माणसे धावतात, कोसळतात, वाऱ्याने त्यांचे केस उडतात. रॉन एम्बल्टन यांच्या 'स्टिंगरे'त समुद्राच्या पाण्याला वजन आहे. बाहुलीवरून माणूस घडवण्याचे हे काम चित्रकारांनी केले.

ह्या मंडळींत फ्रँक बेलामी हे माझ्या मते सर्वांत मोठे. १९५० साली निघालेल्या 'ईगल' ह्या साप्ताहिकातून त्यांनी आधीच नाव मिळवले होते. 'डॅन डेअर' ही त्यातली प्रसिद्ध अंतराळकथाही त्यांनी काही काळ काढली. १९६६ च्या जानेवारीपासून ते 'थंडरबर्ड्‌स' काढू लागले. मधली समोरासमोरची दोन पाने एकत्र धरून ते त्यांची एकच मांडणी करीत. चौकटी सरळ नसत. स्फोटाच्या वेळी त्यांच्या कडा विजेसारख्या नागमोडी होत, यान झेपावले की चौकटही त्याच्याबरोबर तिरपी होई. आपली नजर कोठून कोठे जावी, कोठे अडखळावी, कोठे दम घ्यावा, हे तो चित्रकार ठरवतो. टेलिव्हिजनवर प्रसंग घडून जातो. येथे तो थांबतो, आणि थांबूनही धावत असल्याचा भास देतो. स्थिर चित्रातून गती निर्माण करण्याची ही किमया मालिकेकडून उसनी घेतलेली नाही. मालिकेने फक्त यान दिले. झेप बेलामींची आहे.

दुसरे उदाहरण आशयाचे. त्याच साप्ताहिकाच्या मलपृष्ठावर आठवड्याला एक पान 'द डॅलेक्स' ही चित्रकथा येई. १९६५ ते १९६७ ह्या काळात ती १०४ अंक चालली. लेखन बहुतांशी डेव्हिड व्हिटेकर यांचे. हे मूळ मालिकेचे पहिले कथासंपादक. चित्रे आरंभी रिचर्ड जेनिंग्ज यांची, पुढे मुख्यतः रॉन टर्नर यांची. ह्या चित्रकथेत डॉक्टर नाहीच. खलपात्रेच येथे केंद्रस्थानी आहेत. स्कारो ग्रहावरचे युद्ध, त्याचा सर्वनाश, विकृत होऊन उरलेला एक जीव यंत्रात जाऊन बसतो तो क्षण, आणि मग सोनेरी सम्राटाच्या आज्ञेखाली चाललेला साम्राज्यविस्तार. मुलांसाठीच्या पानावर आठवड्यामागून आठवडे द्वेषाचा इतिहास सांगितला जात होता, तोही द्वेष करणाऱ्यांच्या बाजूने! वाचकाने कोणाच्या विजयाची इच्छा धरायची? लेखक त्याला सोपी वाट देत नाही. डॅलेक जिंकतात तेव्हा आपल्याला त्यांच्या शिस्तीचे कौतुक वाटू लागते आणि मग त्या कौतुकाचीच भीती वाटते. अशी अस्वस्थता मूळ मालिकेला दर आठवड्याला परवडली नसती. कारण डॉक्टर आला की न्यायही आलाच. १९७५ साली मालिकेने डॅलेकांच्या जन्माची अगदी वेगळी कथा सांगितली. पण १९८८ साली पडद्यावर आलेल्या सम्राटाचे गोल मस्तक ह्या जुन्या पानांची आठवण करून देणारे होते. कागदावर काढलेले असे सहज पुसले जात नाही.

छाया वस्तूच्या मागून पडते, हा आपला समज. ह्या इतिहासात ती कधीकधी आधी पडलेली दिसते. 'थंडरबर्ड्‌स'मधली लेडी पेनेलोप पडद्यावर आली ती सप्टेंबर १९६५ च्या अखेरीस. तिची चित्रकथा मात्र जानेवारीतच सुरू झाली होती. अमेरिकेतली 'स्टार ट्रेक' बीबीसीने १९६९ च्या जुलैत दाखवायला घेतली. तिची ब्रिटिश चित्रकथा त्याच वर्षीच्या जानेवारीत 'जो ९०' ह्या साप्ताहिकातून चालू झाली होती, आणि आरंभीच्या काही अंकांत कॅप्टन कर्कचे नावसुद्धा चुकून 'कर्ट' असे छापले गेले. आणखी एक प्रसंग ह्याहून बोलका आहे. १९६९ च्या जूनमध्ये पडद्यावरच्या दुसऱ्या डॉक्टरला रूपांतराची शिक्षा झाली. तिसरा डॉक्टर अवतरला तो १९७० च्या जानेवारीत. मधल्या महिन्यांत 'टीव्ही कॉमिक'च्या चित्रकथेने दुसऱ्या डॉक्टरला पृथ्वीवर वावरू दिले, आणि शेवटी एका रात्री शेतातल्या बुजगावण्यांकडून त्याला धरवून ती शिक्षा अमलात आणली. पडद्यावर एक पोकळी राहिली होती. ती पोरांच्या साप्ताहिकाने बुजगावण्यांनी भरून काढली! त्या 'टीव्ही कॉमिक'ला मी वर नावे ठेवली, पण ह्या कल्पनेला दाद दिलीच पाहिजे.

पुढची उतरण सांगायला फार शब्द लागत नाहीत. 'टीव्ही सेंच्युरी २१' मधली मूळ मंडळी पांगत गेली आणि १९७१ साली ते 'व्हॅलियंट'मध्ये विलीन झाले. त्याच वर्षी 'काउंटडाउन' निघाले. त्याच्या पानांचे आकडे उलटे, शून्याकडे जाणारे होते. ती कल्पना मोठी चतुर, पण ते साप्ताहिक नाव बदलूनही १९७३ पलीकडे टिकले नाही. 'लुक-इन' मात्र १९७१ पासून १९९४ पर्यंत चालले, आणि जॉन बर्न्स यांच्यासारखा समर्थ चित्रकार त्याला लाभला. तरीही एकंदर जोम ओसरला. घरोघरी रंगीत पडदा आला, पुढे व्हिडिओ आला; कागद जे देत होता ते यंत्र देऊ लागले.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. हा सारा व्यापार होता. मालिका खेळणी विके, साप्ताहिक मालिका विके. लेखकांची नावे पानांवर देण्याची रीत त्या काळी नव्हती. डॅलेकांची गोष्ट कोणी लिहिली हे त्या मुलांना पानावरून कळत नसे. हा आक्षेप मला मान्य आहे. पण त्यावरून निघणारा निष्कर्ष मान्य नाही. कला व्यापाराच्या पदरी राहिली म्हणून ती कला नव्हे असे म्हटले, तर आपल्याला पुष्कळच गोष्टींवर पाणी सोडावे लागेल. अन्याय झाला तो चित्रकारांवर आणि लेखकांवर. त्यांच्या कामाला हीन ठरवून आपण त्या अन्यायात भर घालतो, एवढेच.

ह्या इतिहासाचा शेवट मला समाधान देतो, कारण त्यात त्या अन्यायाची थोडी भरपाई आहे. १९७९ च्या ऑक्टोबरात मार्व्हलच्या ब्रिटिश शाखेने 'डॉक्टर हू वीकली' काढले. तेच पुढे मासिक झाले. आता चित्रकथेला वाढता वाचक मिळाला आणि तिचे बळही वाढले. १९८० साली त्यात 'द स्टार बीस्ट' आली. कथा पॅट मिल्स यांची, चित्रे डेव्ह गिबन्स यांची. आकाशातून पडलेला एक गुबगुबीत, गोजिरवाणा प्राणी. सर्वांना त्याची दया येते, आणि तोच मूळचा क्रूरकर्मा निघतो. ह्याच कथेतली शॅरन नावाची शाळकरी मुलगी डॉक्टरबरोबर प्रवासाला निघते. ती कृष्णवर्णीय आहे. पडद्यावर अशी नायिका डॉक्टरची सहप्रवासी म्हणून यायला २००७ साल उजाडले. कागद सत्तावीस वर्षे पुढे होता. १९८९ साली मालिका बंद पडली आणि २००५ साली पुन्हा सुरू झाली; मध्ये १९९६ चा एक दूरचित्रपट सोडला तर पडदा कोरा होता. त्या सोळा वर्षांत डॉक्टरचा प्रवास ह्या मासिकाच्या चित्रकथेत चालूच होता. आणि २५ नोव्हेंबर २०२३ रोजी, मालिकेच्या साठाव्या वर्षानिमित्त, बीबीसीने 'द स्टार बीस्ट' पडद्यावर आणली. मिल्स आणि गिबन्स यांची नावे श्रेयनामावलीत होती. आश्रित म्हणून ठेवलेल्या पोराकडे घरधन्याने उसने मागायला यावे, तसे हे झाले.

शेवटी एकच गोष्ट सांगतो. बीबीसीने जुन्या चित्रफिती पुसून टाकल्या. 'डॉक्टर हू'च्या पहिल्या सहा वर्षांतल्या नव्वदहून अधिक भागांची चित्रे आज उपलब्ध नाहीत. फिती महाग होत्या आणि ते भाग पुन्हा कोणी पाहील असे कोणाला वाटले नव्हते. त्याच वर्षांतली पोरांची साप्ताहिके मात्र कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या पेटीत राहून गेली. जे मूळ म्हणून जपायचे ते पुसले गेले. जे वाचून टाकून द्यायचे ते राहिले. ह्यावरून साप्ताहिक मालिकेहून श्रेष्ठ ठरते असे मी म्हणणार नाही. पण मूळ आणि आश्रित, टिकाऊ आणि टाकाऊ, हे शिक्के मारताना आपला हात थोडा जड व्हावा, इतके तरी त्या पिवळ्या पडलेल्या पानांनी मला शिकवले आहे.