चित्रकथेचे स्वप्रकाशन : मालकी आणि मार्ग

१

चित्रे स्वतः काढावयाची, मजकूर स्वतः लिहावयाचा, पुस्तिका स्वतःच्या खर्चाने छापावयाची आणि ती स्वतःच विकावयाची, असा चित्रकथेचा एक प्रकार गेल्या दीड दशकात भारतातील मोठ्या शहरांत रूढ झाला आहे. 'कॉमिक' या नावाने तो ओळखला जातो. येथे त्याला 'चित्रकथा' हेच जुने नाव दिले आहे. त्याचे कारण पुढील विवेचनात स्पष्ट होईल.

या प्रकाराचा विचार बहुधा स्वातंत्र्याच्या अंगाने केला जातो. डोक्यावर संपादक नाही, प्रकाशकाची मर्जी सांभाळावयाची नाही, हक्क दुसऱ्याच्या स्वाधीन करावयाचे नाहीत. म्हणून कलावंत मुक्त, असा हा युक्तिवाद आहे. तो खोटा नव्हे, पण अपुरा आहे. प्रकाशन या क्रियेला दोन अंगे असतात. कृतीवर मालकी कोणाची, हे एक. आणि ती कृती कोणत्या वाटेने वाचकाच्या हाती पडते, हे दुसरे. पहिल्या अंगाची चर्चा पुष्कळ होते, दुसऱ्याची क्वचितच. मराठीतील उदाहरणे तपासली असता असे दिसून येते की, कलावंताने जो मार्ग धरला त्याचा ठसा त्याच्या कृतीच्या रूपावर आणि भाषेवर उमटल्यावाचून राहिलेला नाही. या विधानाची कसोटी मुंबईत वा पुण्यात लागणार नाही. लातूर जिल्ह्यातील शिरूर अनंतपाळसारखे तालुक्याचे गाव डोळ्यांसमोर ठेवूनच ती लावली पाहिजे. अमुक चित्रकथा तेथे पोहोचेल काय, आणि पोहोचली तर कोणाच्या हातून, हा प्रश्न वितरणाचा वाटला तरी मुळात तो वाङ्मयीन आहे.

२

कसोटीसाठी हे गाव घेण्यास इतिहासाचाही आधार आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातील ग्रंथात चित्रकथकाचा उल्लेख येतो. रंगविलेल्या चित्रांच्या साहाय्याने कथा सांगणारा, असे त्याचे वर्णन आहे. ते कल्याणी म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. आणि बीदर जिल्हा लातूरच्या सीमेला लागूनच आहे. ज्या राज्यात या कलेला ग्रंथात स्थान मिळाले, त्याच राज्याच्या प्रदेशात आजचा लातूर जिल्हाही मोडत होता.

पुढे ही कला महाराष्ट्रात दोन ठिकाणांच्या नावांनी प्रसिद्ध झाली. मराठवाड्यातील पैठण येथे मिळालेल्या चित्रांमुळे 'पैठण शैली' हे नाव रूढ झाले. आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथे ठाकर समाजातील चित्रकथींनी ही परंपरा चालू ठेवली. पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना या कार्यासाठी २०२१ साली पद्मश्री हा किताब देण्यात आला.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती चित्रकथीच्या पोथीची रचना. सुट्या कागदांवर चित्रे काढून दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटविली जातात, आणि अशा पानांचा संच म्हणजे एका आख्यानाची पोथी. कथेकरी एकेक पान समोर उभे धरतो आणि वीणा, टाळ, हुडुक यांच्या साथीने प्रसंग गातो व सांगतो. पानावर मजकूर नसतो. आकृती मोठ्या, डोळे टपोरे, चेहरे बहुधा एका बाजूने दाखविलेले, पार्श्वभूमी जवळजवळ रिकामी. ही रचना कारागिराच्या अपुऱ्या कौशल्यातून आलेली नाही. दिव्याच्या उजेडात, काही हात अंतरावर बसलेल्या श्रोत्याला चित्र एका दृष्टिक्षेपात कळले पाहिजे, या गरजेतून ती सिद्ध झाली आहे. एका पानावर एकच क्षण असतो. दोन क्षणांमधला काळ पान उलटण्यात आणि कथेकऱ्याच्या वाणीत सरतो. आधुनिक चित्रकथेत दोन चौकटींमधली रिकामी पट्टी जे काम करते, ते येथे मनुष्याचा आवाज करतो.

पोथी कथेकऱ्याच्या कुटुंबाची, आणि गावोगाव जाण्याची वाटही त्याचीच. देवळात वा चावडीपुढे पोथी उघडली की तोच चित्रकार, तोच प्रकाशक आणि तोच विक्रेता. भाषा अर्थातच श्रोत्यांची. मालकी आणि मार्ग एकाच हाती असण्याचे इतके पूर्ण उदाहरण मराठीत पुन्हा आढळत नाही. परंतु या पूर्णतेची किंमतही ध्यानात घेतली पाहिजे. श्रोत्याला ठाऊक असलेले रामायण-महाभारतातील आख्यानच चित्रकथी सांगू शके. ज्याच्या ओंजळीतले धान्य घ्यावयाचे, त्याला अनोळखी कथा ऐकविण्याचे धाडस त्याला परवडणारे नव्हते.

३

मुद्रणाचे युग आले तेव्हा हे ऐक्य भंगले. खिळ्यांच्या छपाईत अक्षर स्वस्त आणि चित्र महाग होते. प्रत्येक चित्रासाठी जस्ताचा ठसा वेगळा करवून घ्यावा लागे. रंगीत चित्र असेल तर प्रत्येक रंगासाठी वेगळा. साहजिकच मासिकात चित्रे किती असावीत हे चित्रकाराने नव्हे, तर खर्चाच्या हिशेबाने ठरू लागले. चित्र मजकुराच्या आश्रयाला आले.

या व्यवस्थेतून बाहेर पडण्याचा मार्ग एकच होता, तो म्हणजे चित्रकाराने स्वतः नियतकालिकाचा मालक वा संपादक होणे. चित्रकलेचे शिक्षण घेतलेले शंकर वासुदेव किर्लोस्कर यांनी १९२० साली किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' सुरू केले आणि 'शंवाकि' या नावाने त्यात व्यंगचित्रेही काढली. 'टाकांच्या फेकी' हा त्यांच्या व्यंगचित्रांचा संग्रह. दीनानाथ दलाल यांनी १९४५ साली 'दीपावली' काढला. मुखपृष्ठापासून आतील सजावटीपर्यंत अंकाची संपूर्ण दृश्य रचना चित्रकाराच्या एका दृष्टीतून होऊ शकते, हे मराठी वाचकाला त्यामुळे कळले. १३ ऑगस्ट १९६० रोजी बाळ ठाकरे आणि श्रीकांत ठाकरे या बंधूंनी 'मार्मिक' सुरू केले. मराठीतील पहिले व्यंगचित्र साप्ताहिक म्हणून ते ओळखले जाते. 'फ्री प्रेस जर्नल'मधील नोकरी सोडलेल्या व्यंगचित्रकाराचे हे स्वतःचे पत्र होते.

'मार्मिक'मधील 'रविवारची जत्रा' हे सदर या संदर्भात विशेष अभ्यसनीय आहे. दैनिकातील व्यंगचित्राला एकच चौकट आणि एकच विषय मिळतो. येथे आठवड्यातील अनेक घटना लहान-लहान चित्रांतून शेजारी शेजारी मांडल्या जात आणि वाचकाची नजर जत्रेत फिरावी तशी पानभर फिरे. ठशांचा खर्च मोजणारा दुसरा कोणी नसल्यामुळेच हा विस्तार शक्य झाला. मालकीने रूप बदलते याचा हा स्पष्ट पुरावा होय.

परंतु मार्गाचे काय? 'दीपावली' आणि 'मार्मिक' यांनी आपली वाट नव्याने घातली नाही. आधीच वाहत्या असलेल्या वाटेवर ती चालली. साप्ताहिक वर्तमानपत्र विक्रेत्याच्या हातून गेले. दिवाळी अंकाची प्रथा तर १९०९ साली 'मनोरंजन'ने पाडून ठेवली होती, आणि पुढे सार्वजनिक वाचनालये ही त्याची मोठी आधारस्थाने ठरली. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमानंतर अनुदानित वाचनालयांचे जाळे लहान गावांपर्यंत पसरले, तेव्हा चित्रकाराच्या मालकीचा अंक तालुक्याच्या गावी पोहोचण्यास वेगळ्या खटाटोपाची गरज उरली नाही. ही वाट मराठी वाचकाची असल्यामुळे त्यावरून जाणारी कृतीही निःशंकपणे मराठी राहिली. मात्र उसनी वाट आपल्या अटी घालते. दिवाळी अंक कथा-कवितांवाचून चालेना, म्हणून त्यात चित्र पुन्हा शोभेकडे झुकले. 'मार्मिक'ची वाट तर वाचकांतून अनुयायांकडे वळली. १९ जून १९६६ रोजी शिवसेनेची स्थापना झाल्यानंतर ते पत्र चित्रकाराचे होते त्याहून अधिक संघटनेचे झाले. त्यात राजकीय यश असेल. व्यंगचित्राच्या दृष्टीने पाहता उपहासाचे लक्ष्य आधीच ठरून जाणे ही हानीच म्हणावी लागेल.

४

आजचा स्वप्रकाशित चित्रकथाकार या पूर्वसूरींहून एका बाबतीत सुखी आहे. ठशांची अडचण संपली. संगणकावर रेखाटलेले पान थेट छापता येते, आणि थोड्या प्रती काढणेही आवाक्यात आले आहे. २०११ साली दिल्लीत 'कॉमिक कॉन इंडिया' ही जत्रा भरू लागली आणि अशा पुस्तिकांना विक्रीचे स्थान मिळाले. मुंबईचे अभिजीत किणी यांची 'अँग्री मौशी' ही २०१२ पासूनची स्वप्रकाशित मालिका याच काळातील. नऊवारी नेसलेली, शहरातील भ्रष्टाचाराला विटलेली प्रौढ स्त्री तिची नायिका आहे. घरोघरी दिसणाऱ्या, पण साहसकथेच्या वाटेला कधी न गेलेल्या मौशीला नायिकापद देणे ही कल्पना अस्सल आहे. बाहेरच्या प्रकाशकाला ती सुचणे कठीण होते.

तथापि तिची निवेदनाची भाषा मुख्यतः इंग्रजी आहे. मराठी तेथे बोलीच्या खमंगपणापुरती येते. हा दोष त्या कलावंताचा मानणे अन्यायाचे होईल. ज्या जत्रेत पुस्तिका विकली जावयाची, तेथे देशभरातून आलेला, तिकीट काढून आत शिरलेला नागर तरुण हा ग्राहक असतो. त्या वाटेवर इंग्रजी हेच चलन. मौशी मराठी आणि तिचा वाचक इंग्रजी, ही विसंगती मार्गातून उपजली आहे. याउलट चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' १९९१ पासून दैनिकातून निघाला. तो स्वप्रकाशित नव्हता, तीन-चार चौकटींपलीकडे त्याला जागा नव्हती. पण दैनिक मराठी असल्यामुळे चिंटू शेवटपर्यंत मराठीतच बोलला आणि जिल्ह्या-जिल्ह्यांत पोहोचला. एकाजवळ मालकी होती, दुसऱ्याजवळ मार्ग.

यावर असा आक्षेप संभवतो की, भ्रमणध्वनीच्या पडद्यावर चित्र आज क्षणार्धात शिरूर अनंतपाळलाही पोहोचते. मग मार्गाचा प्रश्न उरला कोठे? चित्र पोहोचते हे खरे. पण ती वाट कलावंताची नसून मोठ्या कंपन्यांची आहे, आणि तिच्याही अटी आहेत. बोटाने सरकणाऱ्या पडद्यावर एकच चौकट टिकते. तिचा विनोद तत्क्षणी उमगला पाहिजे. दीर्घ आख्यान तेथे तग धरू शकत नाही. शिवाय पुढे पाठविल्या जाणाऱ्या चित्राखालील चित्रकाराचे नाव दोन-चार हातांनंतर गळून पडते, म्हणजे मार्गाबरोबर मालकीही जाते.

५

मग स्वतःची वाट घालणे अशक्यच आहे काय? तसे म्हणवत नाही. अमेरिकेत रॉबर्ट क्रम्ब याने १९६८ साली 'झॅप कॉमिक्स'चा पहिला अंक सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यावर बाबागाडीत ठेवून विकला. पुण्यात मंगेश तेंडुलकर (१९३४–२०१७) वाहतुकीवरील व्यंगचित्रांची पत्रके दिवाळीच्या दिवसांत नळ स्टॉप चौकात उभे राहून वाहनचालकांच्या हाती देत. शरद शर्मा यांच्या 'वर्ल्ड कॉमिक्स इंडिया'ने प्रचारात आणलेली भित्तिचित्रकथा तर याहून साधी आहे. चार चौकटींत एक कथा, दोन साधे कागद जोडून झालेले एक मोठे पान, त्याच्या झेरॉक्स प्रती, आणि त्या गावातच भिंतीवर लावणे. चित्र काढणारा गावचाच, वाचणाराही गावचा. म्हणून भाषेचा प्रश्नच उद्भवत नाही. तालुक्याच्या गावात याला लागणारे साहित्य म्हणजे शाई, कागद आणि एक झेरॉक्सचे दुकान.

येथेही एक न्यून आहेच. या भित्तिचित्रकथा बहुधा एखाद्या प्रश्नावरील कार्यशाळेतून जन्मतात, आणि चौथ्या चौकटीत उपदेश येऊन बसतो. चित्रकथीला श्रोत्याने आख्यानाशी बांधले, 'मार्मिक'ला अनुयायांनी लक्ष्याशी, तसे या भिंतीवरच्या कथेला सद्हेतूने तात्पर्याशी बांधले आहे.

या सर्व विवेचनातून निघणारा निष्कर्ष असा की, स्वप्रकाशनाने कलावंताला बंधनमुक्त केले असे सरसकट म्हणता येत नाही. बंधन संपादकाच्या मेजावरून वाचकाकडे जाणाऱ्या वाटेवर गेले, इतकेच. त्या वाटेचे भान ठेवणाऱ्या कलावंताला ते जाचतेच असे नाही. चित्रकथीने दिव्याच्या उजेडाच्या अटीतूनच आपले टपोरे डोळे आणि रिकामी पार्श्वभूमी मिळविली. मराठी चित्रकथेला आज मालकी अल्प खर्चात उपलब्ध आहे. वाचनालये आहेत, भिंती आहेत, आठवडी बाजार आहेत. उणीव आहे ती या जागांच्या अटी ओळखून, तात्पर्याची घाई न करता लिहिलेल्या आणि रेखाटलेल्या दीर्घ आख्यानाची. तशी पुस्तिका ज्या दिवशी शिरूर अनंतपाळच्या वाचनालयात मागणी नोंदवून घेतली जाईल, त्या दिवशी या प्रकाराला 'चित्रकथा' हे नाव पूर्णार्थाने लागू पडेल.