चिखलाची गाडी, पांढऱ्या सीट

महिंद्राने १५ ऑगस्ट २०२४ रोजी पाच दारांची थार रॉक्स आणली, तेव्हा इंजिनापेक्षा सीटच्या रंगावर जास्त बोलले गेले. हस्तिदंती, जवळजवळ पांढऱ्या सीट. चिखलात घालायच्या गाडीला हा रंग कशाला, असे समीक्षकांनी विचारले आणि थोड्याच दिवसांत कंपनीने फोर बाय फोर गाड्यांसाठी तपकिरी रंगाचा पर्याय दिला. २०२० च्या तीन दारी थारची जमीन पाण्याने धुता येत होती, पाणी जायला तळाला बुचे होती, टचस्क्रीनसुद्धा पावसाचे तुषार सोसेल असा होता. चार वर्षांत थारचा पत्ता बदलला. शेताच्या बांधावरून ती सोसायटीच्या बेसमेंटमध्ये राहायला आली.

या जातीच्या गाड्यांचा चेहरा मुळात सौंदर्यासाठी घडलेला नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचे दिवे बिजागरीवर होते. नट सैल करून दिवा उलटा फिरवला की रात्री इंजिनावर उजेड पडे. १९४८ ची लँड रोव्हर ॲल्युमिनियमची, कारण युद्धानंतर ब्रिटनमध्ये पोलाद रेशनवर होते. आणि तिचे पत्रे सपाट, कारण महागडे साचे परवडत नव्हते. महिंद्राने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला विलीज जोडायला सुरुवात केली आणि तो चौकोनी चेहरा इथलाच होऊन गेला. पुढे कमांडर आणि ट्रॅक्स या गाड्यांनी सातारा-कोल्हापूरकडे वडाप म्हणून आणि मराठवाड्यात काळी-पिवळी म्हणून अर्धा महाराष्ट्र वाहिला. पत्रा चेपला तर गावातला डेंटर ठोकून सरळ करी. दिसणे ही त्या गाडीची गरजच नव्हती.

आज दिसणे हीच पहिली गरज आहे, आणि त्याचा सर्वांत शिकण्यासारखा नमुना म्हणजे लँड रोव्हरची नवी डिफेंडर. जुनीचे उत्पादन जानेवारी २०१६ मध्ये थांबले. जेरी मॅकगव्हर्न यांच्या चमूने घडवलेली नवी सप्टेंबर २०१९ मध्ये फ्रँकफर्टला लोकांसमोर आली. वेगळी चासी गेली, ॲल्युमिनियमचा मोनोकॉक सांगाडा आला. जुन्या भक्तांनी गळा काढला, पण गाडीने त्यांना गप्प केले: एअर सस्पेन्शनवर ती ९०० मिमी खोल पाण्यातून जाते आणि महामार्गावर तास न् तास चालवली तरी पाठ धरत नाही. मालकी टाटांची असल्याने इथे तिचे कौतुक जरा जास्तच होते, तेही ठीक. खटकते ते वरचे लेणे. जुन्या डिफेंडरचे मालक मडगार्डवर ॲल्युमिनियमची चेकर्ड प्लेट बसवत, कारण तिच्यावर पाय देऊन टपावरचे सामान काढायचे असे. नव्या गाडीच्या बॉनेटवर तशीच नक्षी आहे, प्लॅस्टिकची. मागच्या बाजूच्या खिडकीच्या काचेवर बॉडीच्या रंगाचा एक चौकोन चिकटवला आहे. त्याने बाहेरचे दिसणे तेवढे कमी होते. इतक्या समर्थ गाडीला या सोंगाची गरज नव्हती.

जुनी डिफेंडर बंद झाली म्हणून ब्रिटिश उद्योगपती जिम रॅटक्लिफ यांनी लंडनमधल्या एका पबच्या नावाची ग्रेनेडियर काढली: लॅडर चासी, बीएमडब्ल्यूचे इंजिन, हातमोजे घालूनही दाबता येतील अशी छतावरची बटणे. स्टीअरिंग वळणानंतर आपणहून सरळ येत नाही, ही तक्रार जवळजवळ प्रत्येक चालवणाऱ्याने केली. गाडी प्रामाणिक आहे, पण तिचा चेहरा सरळसरळ उसना आहे. शेवटी नवी डिफेंडर आणि ग्रेनेडियर दोघी एकाच आजीचे दागिने घालून फिरताहेत.

भारतात डिझायनरच्या आधी कर खाते पट्टी घेऊन उभे असते. चार मीटरच्या आत लांबी आणि डिझेल इंजिन १५०० सीसीपर्यंत असेल तर कर कमी. तीन दारी थारची लांबी ३९८५ मिमी आहे, ती काही योगायोगाने नाही. जानेवारी २०२३ मध्ये तिला दीड लिटरचे डिझेल इंजिन मिळाले आणि फक्त मागच्या चाकांवर चालणारी स्वस्त थार आली. बाहेरून तोच रुबाब, तीच उंची. चिखलात रुतली की मात्र धक्का मारायला माणसे बोलवा. ज्याला घाटात धबधब्यापर्यंतच जायचे आहे त्याने पुढच्या चाकांच्या ताकदीचे पैसे का मोजावेत, हा हिशेब चोख आहे. पण जाड टायरांच्या त्या थाटाचे काम त्यामुळे निव्वळ पोशाखाचे उरते.

टाटांची गोष्ट याहून मजेशीर. १९९१ च्या सिएराला मागे टपापर्यंत वळत गेलेली अखंड काच होती आणि मागच्या प्रवाशांसाठी वेगळी दारे नव्हती. २०२५ च्या सिएराला पाच दारे आली, ती हवीच होती. जुन्या काचेचा भास मात्र चकचकीत काळ्या पट्टीने साधला आहे. सुरुवातीला बाजारात आलेली ही गाडी फक्त पुढच्या चाकांवर चालते. २०१९ च्या हॅरियरचेही तसेच: लँड रोव्हरच्या घराण्याचा सांगाडा, पण चारही चाकांना ताकद नाही. ती मिळाली २०२५ च्या इलेक्ट्रिक हॅरियरमध्ये, पुढे आणि मागे एकेक मोटर बसवून.

तंत्राला नावे ठेवण्यात मात्र अर्थ नाही. एक चाक हवेत लोंबकळले की साध्या डिफरेन्शियलमध्ये तेच गरगर फिरते आणि जमिनीवरचे गप्प बसते. पूर्वी यावर लॉक हाच मोठा इलाज होता आणि तो कधी लावायचा हे ड्रायव्हरला कळावे लागे. आता सेन्सर घसरणारे चाक ओळखतो, त्यालाच ब्रेक लावतो आणि ताकद दुसऱ्या चाकाकडे वळते. नवशिकाही चढ चढतो. बिघाड झाला तर गावातल्या मिस्त्रीच्या हाती फारसे काही उरत नाही, ही त्याची किंमत. पुण्याच्या फोर्स मोटर्सची गुरखा अजून जुन्या बाजूला उभी आहे: पुढे-मागे हाताने लावायचे लॉक, बाजूने वर गेलेला स्नॉर्कल. आतली सजावट ओबडधोबड आणि रूप बरेचसे मर्सिडीजच्या जी-क्लासची आठवण देणारे, पण तिच्यात खोटे बटण सापडत नाही.

सध्याच्या सगळ्या गर्दीत आकार आणि काम यांची गाठ सर्वांत घट्ट दिसते ती सुझुकी जिम्नीत. दारांच्या वर एक बारीक पन्हळ आहे. दार उघडले की टपावरचे पाणी सीटवर ओघळू नये म्हणून ती ठेवलेली आहे. बंपरचे कोपरे वर कापलेत, चाक दगडाला आधी भिडावे म्हणून. मारुतीने भारतासाठी तिचा व्हीलबेस ३४० मिमीने वाढवून पाच दारे केली. त्यात पोटाखालचा कोन २८ अंशांवरून २४ वर आला. सोयीसाठी नेमके काय गमावले ते इथे अंशांत मोजता येते. जानेवारी २०२५ मध्ये हीच भारतात बनलेली गाडी जपानला गेली आणि चार दिवसांत सुमारे ५०,००० मागण्या आल्यामुळे कंपनीला बुकिंग थांबवावे लागले. इथल्या गिऱ्हाइकाची तक्रार ठरलेली: थारएवढे पैसे मोजून रस्त्यावर वजन पडत नाही. १६४५ मिमी रुंदीची ही गाडी थोडी फुगवली असती तर कदाचित जास्त खपलीही असती, पण मग कोल्हापूरकडच्या पाणंदीत तिचे दोन्ही आरसे कुंपणाला घासले असते.