हॅस्केल भाषेतील 'ऑल' या फलनाचा निर्णय : एक चिकित्सक विचार

प्रस्तावना :
संगणकाला पुरविलेली माहिती स्वीकारण्यापूर्वी तपासणे अगत्याचे असते. यादीतील प्रत्येक घटक विशिष्ट अट पूर्ण करतो काय, हे पाहण्यासाठी हॅस्केल या फंक्शनल भाषेत 'ऑल' हे फलन आहे. या भाषेचा पहिला अहवाल १९९० साली प्रसिद्ध झाला. घटकाविषयी 'सत्य' वा 'असत्य' असा निर्णय देणाऱ्या अटीस तर्कशास्त्राच्या परिभाषेत विधेय म्हणतात. प्रस्तुत लेखात 'ऑल'चे सामर्थ्य व मर्यादा यांचा विचार केला आहे.

विवेचन :
'ऑल'चा प्रमुख गुण म्हणजे सुटसुटीतपणा. 'प्रत्येक गुण ० ते १०० या मर्यादेत आहे' हे विधान जवळजवळ जसेच्या तसे प्रोग्रॅममध्ये उतरते. शिवाय अट मोडणारा पहिला घटक आढळताच तपासणी थांबते. त्यामुळे अनंत यादीतही असा घटक असल्यास नकार मिळतो.

परंतु रिकाम्या यादीबाबत 'ऑल' नेहमी 'सत्य' असेच उत्तर देते. तार्किकदृष्ट्या हे निर्दोष आहे, कारण अट मोडणारा एकही घटक तेथे नसतो. व्यवहारात मात्र हाच निर्णय घातक ठरू शकतो. समजा, एखाद्या विषयाच्या अंतर्गत गुणांची फाईल चुकून रिकामीच आली, तर 'ऑल' तिला निर्दोष ठरवील आणि निकालाचे काम पुढे सरकेल. हा दोष फलनाचा नव्हे. 'यादीत काही आहे काय?' हा प्रश्न आपणच विचारलेला नसतो.

दुसरी मर्यादा नकाराची आहे. साठ विद्यार्थ्यांच्या यादीस 'असत्य' म्हटले, तरी चूक कोणाच्या गुणांत आहे, हे कळत नाही. 'ट्रॅव्हर्स' व 'आयदर' यांच्या साहाय्याने तपासलेली यादी किंवा पहिल्या चुकीचे कारण हाती येते. सर्व चुका एकत्र हव्या असल्यास त्या साठविणारा 'व्हॅलिडेशन'सारखा प्रकार योजावा लागतो. रिकामी यादी मुळातच नाकारण्यासाठी २०१६ पासून भाषेच्या मूळ लायब्ररीत 'नॉनएम्प्टी' हा प्रकार समाविष्ट आहे.

समारोप :
'ऑल' त्याज्य नाही. मात्र केवळ त्यावर विसंबलेली पडताळणी अपुरी आहे. अध्यापनात हे फलन शिकविताना रिकाम्या यादीचे उदाहरण आरंभीच द्यावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. विद्यार्थ्याला सूत्र पाठ होते. त्या सूत्राने कोणता प्रश्न विचारलाच नाही, हे ओळखण्याची सवय मात्र लावावी लागते.