बसमधली माणसं : 'अल-सब्बार' बोईसरात वाचताना

पॅलेस्टाईनवर मी एक कविता लिहिली होती. तिच्यात बंदूक होती, रक्त होतं, मूठ होती. बोईसरला नाक्यावर चहाच्या टपरीपाशी वाचून दाखवली. पोरांनी टाळ्या दिल्या. आमच्याबरोबर ठेकेदाराकडं राबलेले एक मामा होते. त्यांनी बिडी विझवली नि विचारलं, "लिवलंस झ्याक. पन तिथली मान्सं सकाळच्याला कामाला कशी जात्यात रं?" मला उत्तर देता आलं नाही. कविता तिथंच पडली.

उत्तर सापडलं एका कादंबरीत. सहर खलीफा या नाब्लूसच्या लेखिका. त्यांची 'अल-सब्बार' १९७६ साली अरबीत निघाली, १९८५ ला इंग्रजीत आली. मी इंग्रजीतूनच वाचली, अडखळत. सब्बार म्हणजे निवडुंग. आपल्याकडं शेताच्या कुंपणाला असतो तोच. तिकडं गावं उठली, घरं पडली, तरी कुंपणाचा निवडुंग राहिला.

जून १९६७ च्या युद्धात इस्रायलनं वेस्ट बँक आणि गाझा घेतले. वेस्ट बँकेत लष्करी अधिकाऱ्याचा हुकूम हाच कायदा झाला. त्याच साली हुकूम क्रमांक १०१ निघाला. राजकीय कारणासाठी दहा माणसं जमायची तर परवानगी, राजकीय मजकूर छापायचा तर परवानगी. म्हणजे आपण हे स्टेन्सिल कापतो, शाई लावून पानं काढतो, एवढ्यावर तिथं तुरुंग. हुकूम क्रमांक १५८ नं पाणी परवान्याखाली आणलं. विहीर खणायची तरी साहेबाची सही.

या राज्यात उसामा हा तरुण आखातातून परत येतो. पुलावर त्याची झडती होते, उलटतपासणी होते. त्याला संघटनेचं काम दिलेलं आहे : इस्रायली कारखान्यांत मजूर नेणाऱ्या बसेस उडवायच्या. का? तर शत्रूकडं कामाला जाणं ही गद्दारी. आणि त्याच बसमध्ये बसतो त्याचा भाऊबंद आदिल. घरात खाणारी तोंडं पुष्कळ, बाप किडनीच्या मशीनवर. आदिल घरच्यांपासून लपवून कामाला जातो.

इथं ही बाई आपल्या कवितांना उघडं पाडते. आपण सगळे उसामा आहोत. लांबून येतो, मूठ वळतो, आणि जो सकाळी डबा घेऊन निघाला त्याला भेकड ठरवतो.

अबू साबिरची बोटं कारखान्यात तुटतात. कामाचा परवाना नाही, म्हणून भरपाईसाठी झगडा. हे पान वाचून मी पुस्तक मिटलं. आमच्या खात्यात एकाची दोन बोटं प्रेसखाली गेली होती. हजेरीबुकात त्याचं नाव नव्हतं. तो त्या दिवशी कारखान्यात नव्हताच, असं ठरलं.

तरी सांगून टाकतो. तारापूर म्हणजे नाब्लूस नव्हे. अणुवीज केंद्राच्या ३ आणि ४ क्रमांकाच्या भट्ट्यांसाठी अक्करपट्टी, पोफरण ही गावं उठली. त्यांचं दुःख खरं. पण त्यांच्या हातात मत होतं, त्यांना कोर्ट होतं. नाब्लूसच्या माणसाला आपल्यावर हुकूम चालवणाऱ्या सरकारसाठी मत नाही. त्याचा खटला लष्करी कोर्टात, आणि शेजारच्या वसाहतीतल्या इस्रायलीचा नागरी कोर्टात. दुःखं जुळवायची घाई झाली की दोन्ही खोटी होतात.

कादंबरीतली मोठी गोष्ट वेगळीच आहे. आदिलचं घराणं जमीनदार. मजूर कारखान्याकडं गेले, शेत ओस पडलं. उसामा हळहळतो. पण शेतावरचा म्हातारा गडी हळहळत नाही. जमीन त्याची कधी नव्हतीच. तो जन्मभर गडी. मातृभूमी गेली म्हणून रडायला आधी ती आपल्या नावावर कधी होती, हे कोणी विचारायचं? हा प्रश्न नाब्लूसच्या बाईनं विचारलाय. आपल्या पांढरपेशा समीक्षेनं गावाच्या कवितेला तो कधी विचारला?

पालघरच्या माणसाला हे कळायला हवं. १४ ऑगस्ट १९४२ ला पालघरात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. त्यांच्या नावाचा चौक आहे, असलाच पाहिजे. पण तीनच वर्षांनी, १९४५ ला, उंबरगाव-डहाणूकडचे वारली वेठ बंद करायला उठले, ते इथल्याच जमीनदार-सावकारांविरुद्ध. परका साहेब आणि घरचा सावकार, दोन्ही एकाच पाठीवर. सहर खलीफा दोघांनाही सोडत नाहीत, आणि सावकाराचं नाव घेतलं म्हणून साहेबाचा गुन्हा हलकाही करत नाहीत. हे जमणं अवघड आहे.

उणं सांगायचं तर वाद लांबतात. उसामा कधीकधी माणूस न राहता पत्रक होतो. पण शेवटी सैनिक घर पाडायला येतात, आदिल आजारी बापाला बाहेर काढतो आणि ती मशीन आतच राहते. तिथं लेखिका एकही घोषणा देत नाही. घोषणा दिली असती तर मी विसरलो असतो.

हे जुनं पुस्तक आज का? ऑक्टोबर २०२३ मध्ये युद्ध पेटलं आणि इस्रायलनं बहुतेक पॅलेस्टिनी मजुरांचे परवाने बंद केले. बांधकामाला हात कमी पडले. २०२४ च्या जानेवारीत हरियाणात, उत्तर प्रदेशात इस्रायलसाठी मजूरभरती झाली. त्याच वर्षी पुण्यातही झाली. म्हणजे आदिलच्या सीटवर आता आपला नाक्यावरचा सेंट्रिंगवाला बसणार. त्याला गद्दार म्हणणारा उसामा मला व्हायचं नाही. त्याच्याही घरी चूल आहे. पण ती सीट रिकामी कशी झाली, हे त्याला ठाऊक असलं पाहिजे.

मामांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आता माझ्याकडं आहे : तिथली माणसं परवाना घेऊन, झडती देऊन, बसनं कामाला जात होती. उरलेलं अर्धं, म्हणजे परवाना गेल्यावर ती कशी जगतात, ते ज्या कवितेत येईल ती मला वाचायचीय. माझी जुनी कविता मी छापायला दिलेली नाही.