ईयोबाला मिळालेला न्याय

ईयोबाचा ग्रंथ वाचताना आम्ही बहुधा शेवटाकडे धाव घेतो : मेंढरे दुप्पट झाली, म्हणजे न्याय झाला! परंतु ग्रंथकाराने एक गोष्ट वेगळी ठेवली आहे. गुरेढोरे दुप्पट होतात. मुले मात्र पूर्वीइतकीच, सात पुत्र व तीन कन्या. गेलेली लेकरे परत येत नाहीत. भरपाई म्हणजे न्याय नव्हे.

न्याय त्याआधीच, ४२व्या अध्यायाच्या ७व्या वचनात झालेला आहे. हे तुझ्या पापाचे फळ, असे बजावणाऱ्या अलीफज, बिल्दद व सोफर यांच्यावर परमेश्वर रुष्ट होतो आणि आक्रोश करणाऱ्या ईयोबाला खरा ठरवतो. शिवाय त्याच मित्रांसाठी ईयोबाने प्रार्थना करायची आहे!

परंडा ज्या जिल्ह्यात आहे, त्या धाराशिव (पूर्वीच्या उस्मानाबाद) जिल्ह्याला हा प्रश्न केवळ ग्रंथातला नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे लातूर-उस्मानाबाद भागात भूकंपाने सुमारे १० हजार माणसे दगावली. अशा वेळी ‘देवाने शिक्षा केली’ म्हणणे ही अलीफजाची भाषा होय. शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेले अठरा जण अधिक पापी होते काय, असे विचारून प्रभू येशूनेही ती नाकारली.

दुःख का, याचे उत्तर हा ग्रंथ देत नाही. दुःखिताला अपराधी ठरवण्याचा अधिकार मात्र तो आमच्याकडून काढून घेतो.