शोक, अवहित्था आणि सत्याची सक्ती : ‘अ मॉन्स्टर कॉल्स’ या चित्रपटाचा विचार

अद्भुतरम्य कलाकृतींकडे पाहताना आपल्या समीक्षेत एक गृहीतक सहजपणे वावरताना दिसते. वास्तव असह्य झाले की माणूस, विशेषतः लहान मूल, कल्पनेच्या आश्रयाला जाते. म्हणजेच अद्भुत हे पलायन, फार तर सांत्वन. स्पॅनिश दिग्दर्शक जे. ए. बायोना यांचा २०१६ सालचा ‘अ मॉन्स्टर कॉल्स’ हा चित्रपट या गृहीतकाला छेद देतो. येथे अद्भुत मुलाला वास्तवापासून दूर नेत नाही. जे वास्तव तो स्वतःपासूनच लपवीत आहे, त्याच्यासमोर त्याला ओढून आणते. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने याच मुद्द्याचा विचार करावयाचा आहे.

या कथेचा जन्मच मृत्यूच्या सावलीत झाला आहे. शिवॉन डाउड या लेखिकेला ही कल्पना सुचली तेव्हा त्या कर्करोगाने आजारी होत्या. २००७ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांनी मागे ठेवलेल्या कल्पनेवरून पॅट्रिक नेस यांनी कादंबरी लिहिली. ती २०११ मध्ये जिम के यांच्या चित्रांसह प्रसिद्ध झाली. चित्रपटाची पटकथाही नेस यांचीच आहे. म्हणजे मागे राहणाऱ्या मुलाची ही गोष्ट प्रथम सुचली ती निघून जाणाऱ्या व्यक्तीला. ही बाब केवळ चरित्रात्मक तपशील म्हणून सोडून देता येत नाही.

कथानायक कॉनर (लुईस मॅकडूगल) हा इंग्लंडमधील बारा वर्षांचा मुलगा. आई (फेलिसिटी जोन्स) कर्करोगाने खंगत चालली आहे, वडील अमेरिकेत नवा संसार थाटून बसले आहेत आणि करड्या शिस्तीच्या आजीशी (सिगोर्नी वीव्हर) त्याचे जमत नाही. रात्री बारा वाजून सात मिनिटांनी टेकडीवरील दफनभूमीतला यू वृक्ष चालत त्याच्या खिडकीशी येतो. लियम नीसन यांच्या घनगंभीर आवाजात हा वृक्षराक्षस अट घालतो : मी तीन गोष्टी सांगेन, चौथी तू सांगायचीस आणि ती खरी असली पाहिजे. वृक्षाची निवडही अर्थपूर्ण आहे. इंग्लंडमधील चर्चच्या आवारांत आढळणारा हा वृक्ष विषारी. आणि याच कुळातील वृक्षांपासून कर्करोगावरील औषधे मिळाली आहेत. आईवरचा अखेरचा उपचारही त्यापासूनच बनलेला आहे. तो निष्फळ ठरतो, तेव्हा कॉनरचा संताप प्रथम या वृक्षावरच तुटून पडतो.

राक्षसाच्या गोष्टी नीतिकथांसारख्या सुरू होतात, पण नीतिकथेचे समाधान देत नाहीत. पहिलीत ज्या राजपुत्राची बाजू आपण घेतो तोच खुनी निघतो आणि दुष्ट ठरविलेल्या राणीला राक्षस वाचवितो. दुसरीत तिरसट, लोभी वैद्य बरोबर ठरतो आणि स्वतःच्या श्रद्धा सोयीनुसार टाकून देणारा सज्जन धर्मोपदेशक दोषी. या दोन्ही गोष्टी जलरंगांच्या ओघळांतून घडणाऱ्या सचेतपटाच्या रूपात येतात. दुसरीच्या अखेरीस कॉनर राक्षसासोबत उपदेशकाचे घर फोडतो आणि भानावर येतो तेव्हा आजीची बैठकीची खोली उद्ध्वस्त झालेली असते. तिसऱ्या गोष्टीला मात्र रंग नाहीत, कागद नाही. ती शाळेच्या भोजनगृहात, कॉनरच्या मुठींतून घडते. कथा चित्रातून देहात उतरण्याचा हा प्रवास दिग्दर्शकाने फार संयमाने साधला आहे.

येथे भारतीय रसविचारातील एका संज्ञेचे साहाय्य घेता येईल. करुणाचा स्थायीभाव शोक, हे सर्वश्रुत आहे. परंतु कॉनर बहुतांश चित्रपटभर शोक करीतच नाही. तो स्वतःचा नाश्ता करतो, कपडे धुण्याच्या यंत्रात टाकतो, विचारणाऱ्याला आपण ठीक असल्याचे सांगतो. भरताने सांगितलेल्या तेहतीस व्यभिचारी भावांत ‘अवहित्था’ म्हणजे भावगोपन हा एक भाव आहे. बारा वर्षांच्या मुलाने शोकावर घातलेले हे अवहित्थेचे झाकण, हाच या चित्रपटाचा खरा विषय होय. आणि झाकलेले आहे ते दुःख नसून अपराध आहे, हे कळायला प्रेक्षकाला शेवटापर्यंत थांबावे लागते.

या झाकणाला मोठी माणसे हातभार लावतात. खोली उद्ध्वस्त केल्यावर त्याला शिक्षा होत नाही. छळणाऱ्या सहाध्यायाला रुग्णालयात पोहोचविल्यावरही मुख्याध्यापिका शिक्षेला आता काय अर्थ आहे, असे म्हणून त्याला सोडून देतात. कॉनरला ही सवलत शिक्षेहून जड जाते. आपण अध्यापकांनी या प्रसंगापाशी थोडे थांबावे असे वाटते. २०२०-२१ च्या महासाथीनंतर आई किंवा वडील गमावलेली मुले आपल्याही वर्गांत बसली. आपण हजेरीत सूट दिली, अंतर्गत गुणांत हात सैल सोडला आणि बहुतेक वेळा नजर दुसरीकडे वळविली. त्यात दया होती, हे नाकारता येत नाही. पण त्या मुलाला काही बोलायचे आहे काय, हे विचारण्याची जबाबदारीही त्या दयेने आपल्यावरून उतरविली.

चौथी गोष्ट म्हणजे कॉनरचे दुःस्वप्न. जमीन दुभंगते, आई कड्यावर लोंबकळते, कॉनर तिचा हात धरून असतो आणि तो सुटतो. राक्षस त्याच्याकडून वदवून घेतो की हात सुटला नाही, सोडला. हे सारे एकदाचे संपावे असे त्याला वाटले होते. आईवर प्रेम असणे आणि तिच्या मरणाने यातना संपाव्यात असे वाटणे, ही दोन्ही सत्ये एकाच मनात नांदू शकतात, हे राक्षस त्याला सांगतो. विचारांचा निवाडा होत नसतो, कृतीचा होतो. त्यानंतरच कॉनर रुग्णालयात आईला घट्ट धरून ‘तू जाऊ नयेस’ असे म्हणू शकतो. अद्भुताचे कार्य येथे उलटतपासणीचे आहे. सांत्वन मिळते ते कबुलीनंतर.

असे असता चित्रपटाचा शेवट प्रस्तुत लेखिकेला काहीसा खटकतो. कादंबरीत नसलेला प्रसंग येथे जोडला आहे. आईच्या मृत्यूनंतर कॉनरला तिची जुनी चित्रवही सापडते आणि तिच्या पानांवर तोच राक्षस, तीच राणी, तोच वैद्य असतात. घरातील छायाचित्रात आजोबा म्हणून नीसन दिसतात, तोही याच जोडणीचा भाग. कॉनरने स्वतःच्या आतून उपसून काढलेले सत्य यामुळे आईने आधीच ठेवून दिलेल्या वारशासारखे भासू लागते आणि प्रेक्षकाला पाणावलेल्या डोळ्यांनी सुटका मिळते. तरीही एक गोष्ट नोंदविली पाहिजे. मरणाऱ्या स्त्रीने रेखाटून ठेवलेल्या आकृत्या दुसऱ्या कोणाच्या तरी हाती येतात आणि गोष्ट तेथून पुढे जाते, हेच तर डाउड यांच्या टिपणांचे झाले. चित्रवही उघडणाऱ्या कॉनरच्या जागी त्या क्षणी नेस उभे असल्याचे दिसू लागते आणि आक्षेपाची धार आपोआप कमी होते.