गोळ्यांचा हिशेब आणि अहवालाची भाषा

सरकारी चौकशीचा अहवाल हा एक वाङ्मयप्रकार आहे असे म्हटले तर आपले सौंदर्यवादी समीक्षक हसतील. हसोत बापडे. ज्या मजकुराला निवेदक आहे, ज्यात पात्रे आहेत, कोणाला बोलू द्यायचे आणि कोणाला गप्प ठेवायचे याची निवड आहे, तो मजकूर समीक्षेच्या कक्षेबाहेर राहतो कसा? कवितेतली एक प्रतिमा खरी की उसनी यावर आपण वर्षानुवर्षे वाद घालतो. माणसाच्या खुनावर शासनाने लिहिलेली शेकडो पाने मात्र आपण न वाचताच 'सगळे खोटे आहे' म्हणून बाजूला टाकतो. हा अविश्वास आपल्या अनुभवातून आलेला आहे, तो अनाठायी नाही. पण न वाचता बाळगलेला अविश्वास प्रस्थापितांना फारसा टोचत नाही, हे माझे म्हणणे आहे, आणि ते मांडण्यासाठी मी शिकागोचे एक प्रकरण घेतो.

शिकागोच का? 1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने नाव घेतले ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचे. त्यामागे जुने नाते होते. जोतीराव फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्यांना. 1946 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले होते. आपण त्यांचे नाव घेतले, त्यांच्या घोषणा घेतल्या. त्यांच्या मृत्यूंच्या चौकश्यांचे काय झाले हे मात्र आपण फारसे पाहिले नाही.

फ्रेड हॅम्प्टन हा इलिनॉय राज्यातल्या ब्लॅक पँथर शाखेचा अध्यक्ष. वय वर्षे 21. शाळेत जाणाऱ्या मुलांना सकाळी फुकट न्याहारी देण्याचे काम तो चालवीत होता, आणि काळे, पोर्टोरिकन व गरीब गोरे यांची एकजूट त्याने शिकागोत बांधायला घेतली होती. व्यवस्थेला बंदुकीपेक्षा या एकजुटीचीच धास्ती अधिक वाटली असावी, असे माझे मत आहे. 4 डिसेंबर 1969 रोजी पहाटे पावणेपाचच्या सुमारास वेस्ट मन्रो रस्त्यावरच्या त्याच्या घरावर 14 पोलिसांनी छापा घातला. हे पोलिस कुक काउंटीचा सरकारी वकील एडवर्ड हॅनरहन याच्या कार्यालयाशी जोडलेले होते. झडतीचे वॉरंट बेकायदा शस्त्रांसाठी होते, आणि घरात शस्त्रे होती हेही खरे. हॅम्प्टन आपल्या बिछान्यातच होता. शेजारी त्याची गरोदर होणारी पत्नी होती, तिचे दिवस भरत आले होते. डोक्यात अगदी जवळून लागलेल्या गोळ्यांनी तो मेला. मार्क क्लार्क हा 22 वर्षांचा दुसरा कार्यकर्ताही मेला. सात जण वाचले, त्यांतले चौघे जखमी होते. आणि खुनाच्या प्रयत्नाचा आरोप कोणावर? या वाचलेल्या सातांवर.

हॅनरहनने सांगितले की पँथरांनी आधी आणि जोरदार गोळीबार केला, पोलिसांनी संयम राखला. आपल्याकडच्या पत्रकांत एक वाक्य ठरलेले असते: 'पोलिसांना गोळीबार करावा लागला.' मराठी व्याकरणाची ही केवढी सोय! गोळीबार 'केला' असे म्हटले की करणारा समोर उभा राहतो. 'करावा लागला' म्हटले की करणारा बिचारा होतो आणि मेलेला माणूस कारण ठरतो. शिकागोच्या इंग्रजीतही हेच चालले होते. हॅनरहनच्या माणसांनी वृत्तपत्राला छायाचित्रे पुरवली. दारावरची भोके दाखवून ही पँथरांच्या गोळ्यांची खूण म्हणून सांगितले. दुसऱ्या वृत्तपत्राचे बातमीदार घरात जाऊन पाहतात तो ती खिळ्यांची डोकी निघाली.

बातमीदार घरात जाऊ शकले, कारण पोलिसांनी ते घर सीलच केले नव्हते. पँथरांनी आणि त्यांच्या तरुण वकिलांनी लगेच ताबा घेतला, भिंती, दारे, काडतुसे यांची छायाचित्रे आणि चित्रफीत घेतली, आणि घर लोकांना खुले केले. हजारो माणसे रांगेत उभी राहून ते घर पाहून गेली. त्यांत एक वृद्ध काळी बाई होती. तिने हे दृश्य पाहून त्याला लिंचिंग म्हटले, फक्त दक्षिणेतले नव्हे, उत्तरेतले. माझ्या मते या प्रकरणातला पहिला खरा अहवाल तो. साक्षी घेतल्या नव्हत्या, शपथ नव्हती, पण भिंत समोर होती आणि भोके एकाच दिशेची होती, हे पाहायला कायद्याची पदवी लागत नाही.

सरकारी चौकशी पुढे आली. जानेवारी 1970 मध्ये कॉरोनरच्या चौकशीत निर्णय झाला: समर्थनीय मनुष्यवध. हा निर्णय वाचून संताप येतो, पण समीक्षकाला त्यात फार काम नाही. तो ढोबळ आहे, उघड पक्षपाती आहे, आणि त्यामुळेच कमी धोक्याचा. धोकादायक आहे तो पुढचा अहवाल, मे 1970 मधला, संघराज्याच्या ग्रँड ज्युरीचा. या ज्युरीने काम केले, हे मान्य करायला हवे. शव उकरून पुन्हा तपासले गेले. शिकागो पोलिसांच्या प्रयोगशाळेने दोन काडतुसे पँथरांच्या बंदुकीतली म्हणून दिली होती. ती पोलिसाच्याच बंदुकीतली असल्याचे एफबीआयच्या तज्ज्ञाने दाखवले. गोळ्या मोजल्या गेल्या. पोलिसांनी झाडलेल्या 82 ते 99, आणि पँथरांकडून झाडल्याचा पुरावा मिळालेली एक.

एक! 'जोरदार गोळीबारा'चे काय उरले? सरकारच्याच आकड्याने सरकारची गोष्ट कोसळली होती. आता वाचकाला वाटेल की पुढच्या पानावर आरोपपत्र येणार. ते आले नाही. कोणाही पोलिसावर आरोप ठेवला गेला नाही. अहवालाने पोलिसांच्या कामाला नावे ठेवली, प्रयोगशाळेला नावे ठेवली, आणि त्याच दमात वाचलेल्या पँथरांनाही दोष दिला की त्यांनी साक्ष द्यायला नकार दिला.

येथे थांबून पाहण्यासारखे आहे. ज्युरी काम करीत होती तेव्हा या सातांवर खुनाच्या प्रयत्नाचे खटले उभे होते. ते मागे घेतले गेले ते मे महिन्यात, अहवाल येण्याच्या आठवडाभर आधी. म्हणजे ज्याच्यावर तुम्ही खोटा खटला भरला आहे त्याने तुमच्यापुढे येऊन विश्वासाने बोलावे, ही अपेक्षा. तो बोलला नाही की सत्य न सापडल्याचा दोष त्याचा. अविश्वासालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याची ही युक्ती आपल्या वस्त्यांना नवी नाही. 'गावकरी तपासात सहकार्य करीत नाहीत' हे वाक्य अत्याचारानंतर कोणत्या वस्तीने ऐकले नसेल?

आणि तरीही ज्युरीच्या अहवालातली सर्वात मोठी गोष्ट त्यात लिहिलेल्या कशातही नाही. ती गाळलेल्या भागात आहे. विल्यम ओनील हा हॅम्प्टनच्या सुरक्षेचे काम पाहणारा माणूस एफबीआयचा पगारी खबऱ्या होता. घराचा नकाशा, त्यात हॅम्प्टनच्या बिछान्याची जागा, त्याच्याकडून एफबीआयकडे आणि तेथून हॅनरहनच्या माणसांकडे गेला होता. छाप्यानंतर त्याच्यासाठी 300 डॉलर बक्षीस मंजूर झाले. काडतुसांचे सत्य सांगणारी एफबीआय आणि नकाशा पुरवणारी एफबीआय एकच. शहराच्या पोलिसांचे खोटे तिने उघडे केले, स्वतःचे झाकून ठेवले. अर्धे सत्य हे पूर्ण असत्यापेक्षा अधिक टिकाऊ का असते, ते येथे दिसते: ते तपासले की खरे निघते.

हे बाहेर आले ते कसे? कोणा आयोगाच्या कृपेने नव्हे. 8 मार्च 1971 रोजी काही नागरिकांनी पेनसिल्व्हेनियातल्या मीडिया गावी एफबीआयचे कार्यालय फोडले, कागद उचलले आणि वृत्तपत्रांना पाठवले. काळ्यांच्या, डाव्यांच्या संघटना आतून पोखरण्याचा एफबीआयचा गुप्त कार्यक्रम त्यातून उघडा पडला. ओनीलचे काम 1973 मध्ये उजेडात आले. मृतांच्या कुटुंबीयांनी आणि वाचलेल्यांनी लावलेल्या दिवाणी दाव्यात हजारो पाने एफबीआयकडून ओढून काढावी लागली. दीड वर्ष चाललेला तो दावा न्यायाधीशाने 1977 मध्ये काढून टाकला. 1979 मध्ये वरच्या न्यायालयाने तो पुन्हा उभा केला. 1982 मध्ये शिकागो शहर, कुक काउंटी आणि संघसरकार यांनी मिळून 18 लाख 50 हजार डॉलर देण्याचे कबूल केले. दोष मात्र कोणी कबूल केला नाही. हॅनरहनवर न्यायात अडथळा आणल्याचा खटला झाला होता, त्यातून तो ऑक्टोबर 1972 मध्ये सुटला. पुढच्याच महिन्यात काळ्या मतदारांनी त्याला निवडणुकीत पाडले. न्यायालयाला जे जमले नाही ते मतपेटीने थोडेफार केले.

आता आपल्या बाजूलाही दोन शब्द ऐकवावे लागतील. अविश्वासालाही शिस्त लागते. हॅम्प्टनला त्या रात्री झोपेचे औषध दिले होते, असे पुष्कळ जण ठामपणे सांगतात. कुटुंबीयांनी करवलेल्या तपासणीत औषधाचा अंश सापडला, एफबीआयच्या तपासणीत सापडला नाही. यावर मी पैज लावणार नाही, आणि लावायची गरजही नाही. बिछाना, नकाशा, गोळ्यांचा आकडा एवढे पुरेसे आहे. जे सिद्ध आहे ते सोडून जे रंजक आहे त्याच्या मागे धावले की काय होते, ते केनेडी प्रकरणात दिसते. वॉरन आयोगाचा 888 पानांचा अहवाल 1964 मध्ये आला. 1979 मध्ये संसदेच्या समितीने कट असण्याचा संभव सांगितला, पण ज्या ध्वनिमुद्रणावर तो मुख्यतः उभा होता ते 1982 मध्ये शास्त्रज्ञांनी अमान्य केले. तेव्हापासून अविश्वासाचा तेथे बाजारच भरला आहे. कोणी काहीही विकावे. उलट माल्कम एक्स यांच्या 1965 च्या खुनात दोघे निर्दोष असल्याचे त्यांचे लोक सांगत राहिले, कागद मागत राहिले. 2021 मध्ये न्यायालयाने त्या दोघांची शिक्षा रद्द केली. वीस-वीस वर्षे तुरुंगात काढून झाली होती, आणि एक जण तोवर मरून गेला होता.

आपल्याकडचा कायदा 1952 चा. त्याखालच्या आयोगाचे निष्कर्ष शासनावर बंधनकारक नाहीत. अहवाल आणि त्यावर केलेल्या कारवाईचे निवेदन सहा महिन्यांत सभागृहापुढे ठेवावे असे कायदा म्हणतो. गांधींच्या खुनामागचा कट आणि आधी मिळालेल्या सूचनांचे काय झाले हे तपासायला कपूर आयोग नेमला गेला तो 1966 मध्ये, खुनानंतर 18 वर्षांनी, आणि तोही पुण्यात सुटलेल्या आरोपींच्या सत्कारावरून गदारोळ झाल्यानंतर. 20 जानेवारी 1948 चा बॉम्ब फुटल्यावर दहा दिवस हाती असताना पोलिसांनी केलेली हयगय त्या अहवालात सविस्तर आहे. तो 1969 मध्ये आला. हयगय करणाऱ्यांना शिक्षा करण्याची वेळ केव्हाच निघून गेली होती.

म्हणून आयोगापुढे जाऊच नये काय? फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिले. बाबासाहेबांनी 1919 मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष दिली, 1928 मध्ये सायमन आयोगापुढे दिली. दोघांनाही राज्यकर्त्यांच्या दयाबुद्धीचा भरवसा नव्हता. त्यांना आपले म्हणणे सरकारी दप्तरात, आपल्या शब्दांत, कायमचे नोंदवून ठेवायचे होते. पँथरांचा नकार आणि बाबासाहेबांची साक्ष यांत मला विरोध दिसत नाही. ज्याच्या मानेवर खटला आहे त्याने गप्प राहावे, ज्याला उभे राहता येते त्याने बोलावे, आणि दोघांनीही भिंतीची छायाचित्रे आधी घ्यावीत.

10 जानेवारी 1974 रोजी मुंबईत मोर्च्यावर वरून पाटा टाकून भागवत जाधवांना मारले गेले. वरळी-नायगावच्या त्या दंगलींची चौकशी न्यायमूर्ती भस्मे यांच्या आयोगाने केली. वरळी आपल्या कवितेत आली, भाषणांत आली, आत्मकथनांत आली. त्या अहवालाचे ओळ न् ओळ वाचन मात्र आपल्या समीक्षेत फारसे आढळत नाही. कोणाची साक्ष ग्राह्य धरली, कोणाची नाही, वाक्याचा कर्ता कोठे आहे आणि कोठे गळाला आहे, हे पाहायला कोणा विद्यापीठाची परवानगी लागत नाही. एम. ए. ला प्रबंधिकेचा विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्यांनी तेथून सुरुवात करावी.